आवाजावरून ओळख पडताळणी वारंवार फसते? थ्रेशोल्डला हात लावण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण एकाच साच्याची असते. "काल ओळखलं, आज ओळखत नाही. माणूस तोच, वाक्य तेच." टीम डॅशबोर्ड उघडते, नाकारल्या गेलेल्या खऱ्या लोकांचं प्रमाण चढलेलं दिसतं, आणि कोणीतरी थ्रेशोल्ड, म्हणजे ओळख पटली असं मानायला लागणारा जुळणीचा किमान स्कोअर, थोडा खाली आणतं. तक्रारी थांबतात. मग काही काळाने भलत्याच माणसाला प्रवेश मिळाल्याचं उघड होतं, थ्रेशोल्ड पुन्हा वर जातो आणि पहिल्या तक्रारी नव्याने सुरू होतात. तुमच्याकडे हे चक्र चालू असेल, तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

थ्रेशोल्ड हलवून सिस्टीम सुधारत नाही. चुका एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातात, एवढंच. खऱ्या माणसाला नाकारणं ही एक चूक आणि तोतयाला आत घेणं ही दुसरी. दोन्ही एकदम कमी करायच्या असतील, तर खऱ्यांचे स्कोअर आणि तोतयांचे स्कोअर एकमेकांपासून लांब गेले पाहिजेत. ते अंतर थ्रेशोल्ड ठरवत नाही, मॉडेलकडे पोचणारा आवाज ठरवतो. म्हणून आधी ऑडिओ, मग नोंदणी (माणसाच्या आवाजाचा सुरुवातीला घेतलेला नमुना), मग स्कोअर आणि सगळ्यात शेवटी थ्रेशोल्ड, या क्रमाने जा. उलट्या क्रमाने गेलात तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत होते.

आधी कानाने ऐका

लॉगमधून नुकतेच नाकारले गेलेले असे पन्नासेक प्रयत्न काढा, ज्यांत माणूस खरा होता हे नंतर दुसऱ्या मार्गाने (ओटीपी, एजंटचे प्रश्न) सिद्ध झालं. प्रत्येकाचं नोंदणीचं रेकॉर्डिंग आणि पडताळणीचं रेकॉर्डिंग एकापाठोपाठ एक ऐका. हेडफोन लावून, पूर्ण. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून टाळलं जातं, पण याला पर्याय नाही. ऐकताना एका शीटमध्ये नोंद करा: आवाज फाटतोय का, सुरुवातीचा शब्द कापला गेलाय का, मागे दुसरं कोणी बोलतंय का, टीव्ही चालू आहे का, आवाज डब्यातून आल्यासारखा आहे का, आणि प्रत्यक्ष बोलणं किती सेकंद आहे. या रेकॉर्डिंगचा असा वापर करायची परवानगी लोकांकडून घेतलेली आहे ना, हे मात्र पहिलं रेकॉर्डिंग उघडायच्या आधी पाहा.

पन्नास जोड्या संपेपर्यंत बहुतेक वेळा एक-दोन कारणं ठळक झालेली असतात. ती खालच्यांपैकीच असण्याची शक्यता मोठी.

चॅनेल: बहुतेकदा चोर इथेच सापडतो

नोंदणी एका मार्गाने आणि पडताळणी दुसऱ्या मार्गाने, हे माझ्या मते सततच्या नकारांचं सगळ्यात मोठं कारण आहे. माणूस ॲपमध्ये १६ किलोहर्ट्झच्या स्वच्छ रेकॉर्डिंगवर नोंदणी करतो आणि नंतर साध्या फोन कॉलवरून पडताळणीला येतो. पारंपरिक टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवते आणि सॅम्पलिंग ८ किलोहर्ट्झचं असतं. 'स', 'श' यांसारख्या उष्म व्यंजनांची बरीचशी ऊर्जा त्याच्या वर असते. नोंदणीच्या ठशात, म्हणजे आवाजावरून मॉडेलने काढून ठेवलेल्या नमुन्यात, जे होतं, ते पडताळणीच्या आवाजात मुळात नाहीच. मॉडेलने स्कोअर कमी दिला तर त्यात त्याची चूक नाही.

हा घोळ लपून राहतो, कारण मधली एखादी सर्व्हिस ८ किलोहर्ट्झचा ऑडिओ १६ वर रीसॅम्पल करून पुढे ढकलते. फाइलच्या हेडरवर १६००० लिहिलेलं असतं आणि सगळे निर्धास्त असतात. तपासायला दोन मिनिटं लागतात. फाइल ऑडॅसिटीमध्ये उघडा आणि वेव्हफॉर्मऐवजी स्पेक्ट्रोग्राम दाखवायला सांगा. खऱ्या १६ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये रंगाचे पट्टे ८ किलोहर्ट्झपर्यंत (सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंत) चढतात. वाढवून घेतलेल्या फाइलमध्ये ४ किलोहर्ट्झवर सरळ आडवी रेघ मारल्यासारखं सगळं संपतं आणि वरचा अर्धा भाग रिकामा असतो. ही रेघ एकदा डोळ्यात बसली की पुढच्या वेळी क्षणात ओळखता येते.

ब्लूटूथ हेडसेट हे याचंच दुसरं रूप. गाणी ऐकताना हेडसेटचा आवाज उत्तम असतो, पण माइक सुरू झाला की हेडसेट हँड्स-फ्री प्रोफाइलवर जातो. तिथे जुन्या कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाजाचा डेटा आटोपशीर करून पाठवण्याची पद्धत) ८ किलोहर्ट्झ आणि नव्यावर १६ किलोहर्ट्झ मिळतात. त्यामुळे "गाडीत असताना ओळखत नाही" अशी तक्रार आली, तर गाडीच्या आवाजाला दोष देण्याआधी कोणता माइक चालू होता ते पाहा. ॲपमधून ही माहिती लॉग करता येते. ती करत नसाल, तर आजच सुरू करा.

तिसरं रूप म्हणजे फोन आणि ब्राउझरची स्वतःची 'सुधारणा'. ब्राउझरमध्ये माइक उघडताना इको कॅन्सलेशन, नॉइज सप्रेशन आणि ऑटो गेन कंट्रोल (आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणं) असे तीन पर्याय देता येतात. काहीच सांगितलं नाही तर ते बहुधा चालूच असतात. अँड्रॉइडवर ऑडिओ सोर्स निवडताना 'व्हॉइस कम्युनिकेशन' घेतला तर कॉलसाठीची प्रक्रिया लागते. 'व्हॉइस रेकग्निशन' घेतला तर आवाज बराच कमी हाताळलेला येतो. नॉइज सप्रेशन वाईटच असतं असं मी म्हणत नाही. पण नोंदणीच्या वेळी ते बंद आणि पडताळणीच्या वेळी चालू असेल, तर तोच माणूस मॉडेलला वेगळा भासतो. दोन्हीकडे सेटिंग एकच ठेवा आणि ते कोडमध्ये स्पष्ट लिहा, डिफॉल्टवर सोडू नका.

उपाय काय? शक्य असेल तर प्रत्येक चॅनेलवर स्वतंत्र नोंदणी घ्या: ॲपचा ठसा वेगळा, फोनचा वेगळा. ते शक्य नसेल तर नोंदणीचा ऑडिओसुद्धा ८ किलोहर्ट्झवर उतरवा, त्याच कोडेकमधून फिरवा आणि मग ठसा काढा. वरच्या पट्ट्यातली माहिती फुकट जाते, पण दोन्ही बाजू एका पातळीवर येतात आणि नकार कमी होतात. मॉडेल स्वतः ट्रेन करत असाल, तर ट्रेनिंगच्या डेटावर टेलिफोनचे कोडेक, खोलीचा घुमारा आणि पार्श्वभूमीचा गोंगाट मुद्दाम मिसळा. गोंगाट मिसळायला म्यूसन हा ध्वनींचा मोफत संग्रह वापरला जातो.

एक छोटी पण त्रासदायक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. टेलिफोनच्या जी.७११ कोडेकचे दोन प्रकार आहेत, ए-लॉ आणि म्यू-लॉ. एकाचा डेटा दुसऱ्याच्या डिकोडरने उघडला, तर आवाज विकृत होतो, तरी शब्द कळू शकतात. म्हणजे "रेकॉर्डिंग ऐकू येतंय ना" एवढ्या तपासणीत हे सुटू शकतं. सगळ्याच कॉलचे स्कोअर एखाद्या तारखेपासून एकदम घसरले असतील, तर त्या दिवशी फोनच्या गेटवेमध्ये काय बदललं ते विचारा.

नोंदणीतच भेसळ असेल तर

पडताळणीचं एखादं रेकॉर्डिंग खराब निघालं तर तो एक प्रयत्न वाया जातो. नोंदणी खराब झाली तर त्या माणसाचा पुढचा प्रत्येक प्रयत्न वाया जातो. तरीही नोंदणीवर दर्जाची अट न ठेवणाऱ्या सिस्टीम सर्रास दिसतात.

एका ठिकाणी मी पाहिलेला प्रकार लक्षात ठेवण्यासारखा आहे. तक्रार उलटी होती: एकमेकांशी काही संबंध नसलेले लोक एकमेकांच्या खात्यांत जुळत होते. मॉडेलवर संशय घेतला गेला, नवीन मॉडेल आणायची तयारी झाली. त्याआधी आम्ही नोंदणीतले सगळे ठसे एकमेकांशी ताडून पाहिले. बहुतेक जोड्यांचे स्कोअर अपेक्षेप्रमाणे खाली होते, पण एक मोठा गट आपापसात विचित्र जवळ होता. त्या गटाची रेकॉर्डिंग ऐकल्यावर उलगडा झाला. कॉल मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजू एकाच ट्रॅकवर, रेकॉर्ड होत होता, आणि "बीप वाजल्यावर आपलं वाक्य बोला" ही सिस्टीमची सूचना ग्राहकाच्या आवाजाबरोबरच फाइलमध्ये शिरत होती. जे ग्राहक कमी बोलले, त्यांच्या ठशात त्यांच्यापेक्षा सूचना देणाऱ्या बाईंचा आवाज जास्त होता. ठसे एकमेकांशी जुळत होते ते त्या आवाजामुळे. ग्राहक आणि सिस्टीम या दोन्ही बाजू वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केल्या, भेसळीचे ठसे काढून टाकून त्या लोकांची नोंदणी पुन्हा घेतली, आणि जुनंच मॉडेल नीट चालू लागलं.

ही ताडणी तुम्हीही करा. सगळे ठसे एकमेकांशी लावा, सगळ्यात जास्त स्कोअर असलेल्या जोड्या वर आणा आणि ऐका. त्यांत एकाच माणसाच्या दोन नोंदण्या सापडतील, एजंटचा आवाज शिरलेले कॉल सापडतील, नुसता गोंगाट असलेल्या फाइली सापडतील.

नोंदणी एकाच दमात घेऊ नका. तीन-चार तुकडे घ्या, प्रत्येकाचं एम्बेडिंग (आवाजाचं वर्णन करणारी आकड्यांची यादी, म्हणजेच व्हेक्टर) काढा, प्रत्येक व्हेक्टरची लांबी एकवर आणा आणि मग सरासरी काढा. सरासरी काढण्यापूर्वी हे तुकडे आपापसात जुळतात का तेही पाहा. एखादा तुकडा बाकीच्यांशी जुळत नसेल, तर तिथल्या तिथे पुन्हा बोलायला सांगा. माणूस समोर असताना तीस सेकंद जास्त घेणं सोपं असतं, नंतर त्याला परत बोलावणं फार अवघड.

निव्वळ बोलणं किती?

रेकॉर्डिंग पाच सेकंदांचं आहे म्हणजे बोलणं पाच सेकंदांचं आहे असं नाही. सुरुवातीची शांतता, मधला श्वास, शेवटचा "झालं का?" वजा केलं की कित्येकदा हाती दीड सेकंद उरतो. कुठलंही वाक्य चालणाऱ्या सिस्टीममध्ये निव्वळ बोलणं दोन-तीन सेकंदांच्या खाली गेलं की स्कोअर भरकटू लागतो, हा माझा अनुभव आहे. ठरलेलं वाक्य असेल तर थोडक्यात भागतं, कारण दोन्हीकडे ध्वनी तेच असतात.

म्हणून व्हॉइस ॲक्टिव्हिटी डिटेक्टर (बोलणं आणि शांतता वेगळी करणारा) लावा आणि स्कोअर काढण्याआधी निव्वळ बोलण्याची किमान मर्यादा तपासा. ती भरली नाही तर नकार देऊ नका, "थोडं अजून बोला" असं सांगा. या दोन उत्तरांत वापरणाऱ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. आवाज क्लिप झाला असेल (फार मोठा होऊन फाटला असेल) किंवा गोंगाट फार असेल, तरी हेच करा. ऑडिओ खराब आहे म्हणून आलेला कमी स्कोअर आणि माणूस दुसरा आहे म्हणून आलेला कमी स्कोअर हे लॉगमध्ये एकाच नावाने नोंदवले गेले, तर पुढची सगळी चिकित्सा आंधळी होते.

आता स्कोअर, मग थ्रेशोल्ड

इथवरची साफसफाई झाल्यावरच आकड्यांकडे या. पहिली चूक इथे उसन्या थ्रेशोल्डची असते. स्पीचब्रेन या लायब्ररीत दोन फाइली ताडून पाहणाऱ्या फंक्शनचा डिफॉल्ट थ्रेशोल्ड ०.२५ आहे. बरेच जण तो तसाच उचलतात. त्यासोबत मिळणारं एकापा-टीडीएनएन मॉडेल व्हॉक्ससेलेब या संग्रहावर ट्रेन झालेलं आहे, आणि तो संग्रह यूट्यूबवरच्या प्रसिद्ध व्यक्तींच्या व्हिडिओंतून तयार केला आहे. त्या डेटावर या रचनेचा समान चूक दर, म्हणजे दोन्ही प्रकारच्या चुका सारख्या होतात त्या जागचा दर, एक टक्क्याच्या आत येतो, हे खरं. पण तो आकडा त्या डेटाचा आहे. तुमच्या फोन लाइनवर, तुमच्या लोकांवर, तुमच्या वाक्यांवर तो लागू होईल असं गृहीत धरायला काही आधार नाही.

स्वतःच्या डेटावर दोन आलेख काढा: खऱ्यांच्या स्कोअरचा आणि तोतयांच्या स्कोअरचा. मग तेच आलेख चॅनेलनिहाय, भाषेनिहाय, स्त्री-पुरुष आणि वयोगटानुसार फोडा. एकत्रित आलेख गुळगुळीत दिसतो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. फोडल्यावर कळतं की एका चॅनेलचा डोंगर पूर्ण डावीकडे सरकलेला आहे आणि तक्रारी करणारे सगळे त्याच डोंगरात आहेत. जो माणूस एका भाषेत नोंदणी करून दुसऱ्या भाषेत पडताळणीला येतो, त्याचाही स्कोअर घसरू शकतो. ठरलेल्या वाक्याच्या सिस्टीममध्ये तर नक्कीच.

हे सरकलेले डोंगर एका रेषेत आणायला स्कोअर नॉर्मलायझेशन आहे. यात प्रत्येक स्कोअर अनोळखी लोकांच्या एका ठरलेल्या गटाशी तुलना करून मोजला जातो: "हा आवाज या ठशाशी जितका जुळतो, त्यापेक्षा परक्यांशी किती कमी जुळतो?" एस-नॉर्म आणि ॲडॅप्टिव्ह एस-नॉर्म हे त्याचे नेहमीचे प्रकार. परक्यांचा तो गट तुमच्याच चॅनेलवरचा हवा, नाहीतर उपयोग होत नाही. यानंतर लॉजिस्टिक रिग्रेशन या संख्याशास्त्रीय पद्धतीने कॅलिब्रेशन करा, म्हणजे स्कोअरला शक्यतेचा अर्थ येतो आणि मॉडेल बदललं तरी थ्रेशोल्डची भाषा तीच राहते.

काही माणसं मात्र कशानेही सुधारत नाहीत. जॉर्ज डॉडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये बोलणाऱ्यांना प्राण्यांची नावं दिली होती: मेंढ्या म्हणजे सरळ ओळखले जाणारे, बोकड म्हणजे स्वतःच्याच ठशाशी न जुळणारे, कोकरं म्हणजे ज्यांची नक्कल सहज होते ते, आणि लांडगे म्हणजे इतरांसारखे सहज भासणारे. तुमच्या एकूण नकारांपैकी मोठा वाटा मोजक्या बोकडांचा आहे का, हे माणसागणिक मोजून पाहा. तसं असेल तर सगळ्यांचा थ्रेशोल्ड खाली आणू नका. त्या मोजक्या लोकांची पुन्हा नोंदणी घ्या, आणि तरीही जमलं नाही तर त्यांना दुसरा मार्ग द्या. तो मार्ग सन्मानाने द्या. आजारपणामुळे, वयामुळे किंवा बोलण्यातल्या अडचणीमुळे ज्याचा आवाज स्थिर नाही, त्याला दरवेळी नकार ऐकायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

थ्रेशोल्ड ठरवताना चाचणी किती मोठी हवी, याला दोन सोपे ठोकताळे आहेत. चाचणीत एकही चूक आली नाही, तर खरा चूक दर शून्य आहे असं म्हणता येत नाही. ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की तो ३ भागिले प्रयत्नांची संख्या यापेक्षा कमी आहे. म्हणजे ३०० तोतया प्रयत्नांत एकही घुसला नाही, तरी दर एक टक्क्यापर्यंत असू शकतो. दुसरा डॉडिंग्टनचाच तीसचा नियम: निदान ३० चुका दिसल्या, तर ९० टक्के खात्रीने खरा दर मोजलेल्या दराच्या अधिक-उणे ३० टक्क्यांत असतो. हजारात एक असा दर सिद्ध करायचा, तर तीस हजारांच्या आसपास तोतया प्रयत्न लागतात, तेही एकमेकांपासून स्वतंत्र. वीस सहकाऱ्यांना बोलावून घेतलेली चाचणी त्यासाठी पुरत नाही.

पुन्हा प्रयत्नांची मर्यादा

एका प्रयत्नात तोतया आत येण्याची शक्यता १ टक्का असेल, तर स्वतंत्र अशा तीन प्रयत्नांत ती जवळपास ३ टक्के होते. खऱ्या माणसाला मात्र तेवढा फायदा होत नाही, कारण त्याच गोंगाटात, त्याच माइकवर तो तिन्ही वेळा सारखाच फसतो. २०१७ मध्ये बीबीसीच्या एका वार्ताहराचा जुळा भाऊ त्याच्या बँकेच्या आवाज पडताळणीतून आत गेला, ती बातमी गाजली होती. त्यातला महत्त्वाचा भाग असा, की त्याआधीचे सात प्रयत्न फसूनही सिस्टीम त्याला पुढचा प्रयत्न करू देत होती. प्रयत्न मोजा, सत्र बदललं तरी मोजणी चालू ठेवा, आणि दोन-तीन नकारांनंतर दुसऱ्या पद्धतीकडे वळवा.

नकली आवाज हा वेगळा प्रश्न आहे

ओळख पडताळणारं मॉडेल एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: हा आवाज त्या आवाजासारखा आहे का? तो आवाज जिवंत माणसाच्या तोंडून आता आला, की स्पीकरमधून, की कृत्रिमरीत्या तयार केला, हे त्याला विचारलेलंच नसतं. चांगली नक्कल केलेल्या आवाजाला ते चांगला स्कोअर देणार. म्हणून नकली आवाज अडवायला थ्रेशोल्ड वाढवणं हा चुकीचा उपाय आहे. त्यासाठी वेगळा डिटेक्टर लागतो. एएसव्हीस्पूफ ही या विषयावरची खुली स्पर्धा २०१५ पासून चालते. २०१७ मध्ये तिने रेकॉर्डिंग वाजवून केलेल्या हल्ल्यांवर भर दिला आणि २०२१ मध्ये डीपफेकचा स्वतंत्र विभाग आणला. तिथून हाती आलेला धडा असा, की डिटेक्टरने ट्रेनिंगमध्ये न पाहिलेला प्रकार समोर आला, की त्याची कामगिरी घसरते. तो लावून विसरून जाता येत नाही.

दरवेळी वेगळे आकडे म्हणायला सांगितल्याने जुनं रेकॉर्डिंग वाजवणारा अडतो, पण मजकूर टाइप करून त्याच क्षणी आवाज तयार करणारा अडत नाही. अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या २०१७ च्या ८००-६३बी मार्गदर्शक सूचनांत बायोमेट्रिक एकटं वापरू नये, हातात असलेल्या एखाद्या वस्तूच्या जोडीनेच वापरावं, असं सांगितलंय. आवाजाच्या बाबतीत मी यावर ठाम आहे. पैसे हलवण्यासारख्या कामाला फक्त आवाज पुरेसा मानू नका.

बदल लावताना

नवीन सेटिंग थेट चालू करू नका. काही काळ जुनी सिस्टीमच निर्णय घेऊ दे, नवीन फक्त शेजारी स्कोअर काढू दे, आणि जिथे दोघींचा निर्णय वेगळा आला तेवढे प्रयत्न ऐका.

मॉडेल बदललं तर जुने ठसे नव्या मॉडेलशी ताडता येत नाहीत, अगदी एम्बेडिंगमधल्या आकड्यांची संख्या सारखी असली तरी. नोंदणीचा मूळ ऑडिओ जपलेला असेल तर त्यातून ठसे नव्याने काढा. नसेल तर सगळ्यांची पुन्हा नोंदणी घ्यावी लागेल, हे वेळापत्रकात आधीच धरा.

वयाबरोबर आवाज बदलतो, म्हणून ठसा अधूनमधून ताजा करावा लागतो. पण नुसता स्कोअर चांगला आला म्हणून आपोआप ताजा करू नका, नाहीतर एकदा घुसलेला तोतया हळूहळू ठसाच आपल्या बाजूला ओढून घेतो. दुसऱ्या घटकाने ओळख पक्की झालेल्या प्रयत्नांतूनच ठसा अद्ययावत करा आणि मूळ नोंदणीचा ठसा वेगळा ठेवा.

आणि प्रत्येक प्रयत्नाबरोबर एवढं नोंदवा: चॅनेल, कोडेक, खरा सॅम्पल रेट, माइकचा प्रकार, निव्वळ बोलण्याचे सेकंद, क्लिपिंग, गोंगाटाची पातळी, कच्चा आणि नॉर्मलाइज केलेला स्कोअर, मॉडेलची आवृत्ती, आणि नंतर दुसऱ्या मार्गाने कळलेलं खरं उत्तर. यातली शेवटची नोंद मिळवायला सगळ्यात जास्त खटपट लागते, कारण ती दुसऱ्या विभागाकडे असते. तीच नसेल, तर वरच्या पन्नास जोड्या पुढच्या वेळी निवडता येणार नाहीत.